साठवण, खरेदी आणि व्यसन

(अभ्यास-लेख : इयत्ता ९ वी ते १२ वीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी)



या अंकातील अभ्यास-लेखाचा विषय कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण तो पुष्कळ घरांत आहे. म्हणूनच आम्ही तो निवडला.

समजा, लश्करच्या जुन्या वस्तीत एक घर आहे. त्या घरातील आजोबांची खोली वर्तमानपत्रांचे गठ्ठे, रिकामे डबे, बंद पडलेली घड्याळे, दोऱ्या आणि पिशव्या यांनी इतकी भरली आहे की त्यांना पलंगाच्या अर्ध्या भागावरच झोपावे लागते. रद्दीवाल्याला बोलावण्याचा विषय निघाला की ते कासावीस होतात. त्याच घरातील त्यांचा नोकरदार मुलगा रोज रात्री मोबाईलवर काही ना काही मागवतो. कपाटात घडी न मोडलेले शर्ट आहेत, पलंगाखाली न फोडलेली पार्सले आहेत आणि क्रेडिट कार्डाची बिले बायकोपासून लपवलेली आहेत. घरातील माणसे दोघांबद्दल एकच वाक्य बोलतात, "व्यसनच लागलंय!"

हे घर कल्पनेतले आहे, पण वाचताना कोणाला ना कोणाला आपले एखादे नातलग आठवतील. प्रश्न असा की ही दोन्ही खरोखर व्यसने आहेत काय? हा वाद केवळ शब्दांचा नाही. आपण ज्याला जे नाव देतो, त्याप्रमाणे त्याच्याशी वागतो. नाव चुकले तर उपायही चुकतो, आणि त्याची झळ घरातील माणसालाच लागते.

व्यसन म्हणजे काय?

मराठीत या बाबतीत शब्दांची एक चढती पायरीच आहे : आवड, छंद, नाद, सोस, हव्यास आणि शेवटी व्यसन. छंद माणसाला आनंद देतो, नादात वेळ जातो, सोसात पैसा जातो आणि व्यसनात माणूसच जातो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'शौक' आणि 'लत' असे शब्द आहेत, पण रोजच्या बोलण्यात 'नशा' हा शब्द इतका पुढे आला आहे की व्यसन म्हटले की पदार्थच डोळ्यांपुढे येतो. दारू, गुटखा, गांजा, ब्राऊन शुगर.

आपल्या परंपरेत मात्र व्यसनाचा अर्थ पदार्थापुरता कधीच नव्हता. संस्कृतात 'व्यसन' म्हणजे संकट, असाही अर्थ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावर येणाऱ्या अशा व्यसनांविषयीच आहे. त्यात आणि मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाच्या व्यसनांमध्ये मद्याच्या बरोबरीने द्यूत आणि मृगया, म्हणजे जुगार आणि शिकार, यांची गणना केलेली आहे. जुगारात पोटात काहीच जात नाही, तरी माणूस त्यात बुडतो, हे त्या काळी माहीत होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त तर एका जुगाऱ्याचेच आहे. फासे सोडायचे असे तो ठरवतो आणि पुन्हा तिकडेच ओढला जातो. घर तुटते, कर्ज होते, लोक तोंड फिरवतात. आजच्या डॉक्टरांनी लिहून घेतलेल्या रुग्णाच्या हकिगतीपेक्षा ते फार वेगळे नाही.

आजचे वैद्यकशास्त्र व्यसन ओळखण्यासाठी साधारणपणे पुढील खुणा पाहते. पहिली, तलफ. ती गोष्ट केल्याशिवाय चैन पडत नाही. दुसरी, ताबा सुटणे. थोडेच करायचे असे ठरवून बरेच होऊन जाते. तिसरी, मात्रा वाढणे. पूर्वी जेवढ्याने समाधान होई तेवढ्याने आता होत नाही. चौथी, ती गोष्ट बंद झाली की चिडचिड, तडफड आणि निद्रानाश. पाचवी, अभ्यास, नोकरी, नाती मागे पडणे. आणि सहावी, सर्वांत महत्त्वाची : नुकसान दिसत असूनही ते करतच राहणे. या सहा खुणा वहीत उतरवून ठेवाव्यात, कारण पुढे आपण त्याच कसोटीवर साठवण आणि खरेदी दोन्ही घासून पाहणार आहोत.

जुगाराने उघडलेले दार

मानसिक आजारांचे वर्गीकरण करणारे दोन मोठे ग्रंथ जगभर वापरले जातात. एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-पुस्तिका, जिला थोडक्यात डीएसएम म्हणतात. दुसरे जागतिक आरोग्य संघटनेचे रोगांचे वर्गीकरण, म्हणजे आयसीडी.

१९८० साली डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत जुगाराच्या वेडाला प्रथम स्थान मिळाले, पण ते व्यसनांच्या रांगेत नव्हते. 'आवेगावर ताबा नसण्याचे विकार' या वेगळ्या प्रकरणात त्याला बसवले होते. पुढे संशोधन वाढले. जुगाऱ्याच्या मेंदूत जे घडते ते दारुड्याच्या मेंदूत घडणाऱ्या गोष्टींशी पुष्कळ जुळते, असे दिसले. मग २०१३ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत जुगाराला व्यसनांच्या प्रकरणात आणले गेले. म्हणजे एका प्रकरणातून दुसऱ्या प्रकरणात जायला तेहतीस वर्षे लागली. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीला २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात जुगाराबरोबर व्हिडिओ गेमच्या अतिरेकालाही व्यसनांत जागा मिळाली.

अशा रीतीने वर्तनाचेही व्यसन असू शकते, हे शास्त्राने मान्य केले आहे. पण दार उघडले म्हणून प्रत्येक गोष्ट आत येत नाही. काही अभ्यासक सावधगिरीचा इशारा देतात की माणसाची प्रत्येक आवड आजारात मोजली तर आजार या शब्दालाच अर्थ उरणार नाही. हा इशाराही आपण लक्षात ठेवू या.

साठवण : गंगाजळी, संग्रह आणि पसारा

साठवणे ही मुळात वाईट गोष्ट नाही. आपल्या ग्वाल्हेरात तर साठवणीची एक प्रसिद्ध कथाच आहे. शिंदे घराण्याच्या राखीव खजिन्याला 'गंगाजळी' म्हणत. युद्ध आणि दुष्काळ यांसारख्या प्रसंगांसाठी तो किल्ल्यावरील तळघरांत ठेवलेला होता. त्याची खूण सांगणारे बीजक फक्त महाराजांनाच ठाऊक असे, आणि १८८६ मध्ये जयाजीराव महाराज अल्पवयीन माधवरावांना ते सांगण्यापूर्वीच निवर्तले, असे सांगतात. कथेतील दंतकथेचा भाग सोडला तरी एक गोष्ट उरते. त्या साठ्याला हेतू होता, जागा होती आणि तो केव्हा बाहेर काढायचा हे ठरलेले होते. आपल्या आजीच्या कोठीतील वर्षभराची डाळ आणि लोणच्याच्या बरण्या ही घरगुती गंगाजळीच होय.

दुसरे उदाहरण पुण्याचे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या. त्यांचा मुलगा राजा बालवयातच वारला. त्याच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते सगळे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' आजही पाहता येते. जुने अडकित्ते गोळा करणारा माणूस त्या काळी शेजाऱ्यांना विचित्रच वाटला असेल! पण संग्राहक वस्तू निवडतो, लावतो, त्यांची नोंद ठेवतो, लोकांना दाखवतो, आणि केळकरांनी तर त्या शेवटी देऊनही टाकल्या. हे देता येणे फार महत्त्वाचे आहे.

साठवणविकारात नेमके तेच जमत नाही. २०१३ च्या डीएसएममध्ये या विकाराला प्रथमच स्वतंत्र नाव मिळाले. त्याच्या मुख्य खुणा अशा : वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकणे किंवा देणे सतत अवघड जाते, टाकण्याच्या विचारानेच मनाला यातना होतात, वस्तू साठत जाऊन राहण्याच्या खोल्या त्यांच्या मूळ कामासाठी वापरता येत नाहीत, आणि त्यामुळे माणसाचे जगणे, नाती किंवा सुरक्षितता धोक्यात येते. खोली मोकळी दिसत असली, पण ती घरातील दुसऱ्या कोणी आवरल्यामुळे मोकळी असली, तरी विकार असू शकतो. उलट मेंदूला झालेली इजा किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे पसारा होत असेल तर त्याचे निदान वेगळे होते.

या विकाराचे टोकाचे उदाहरण न्यूयॉर्कमधील कॉलियर बंधूंचे. १९४७ साली होमर आणि लँगली हे दोघे भाऊ आपल्याच घरात मृत सापडले. वर्तमानपत्रे, पियानो, पुस्तके, जुनी यंत्रे असा शंभर टनांहून अधिक पसारा त्या घरातून काढावा लागला. लँगलीचे शरीर ढिगाऱ्याखाली सापडायला दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला. तो आपल्या आंधळ्या भावाची सेवा करीत होता आणि भावाला पुन्हा दिसू लागेल तेव्हा वाचता यावे म्हणून वर्तमानपत्रे जपत होता, असे सांगितले जाते. पसाऱ्यामागे पुष्कळदा अशी एखादी माया असते.

आपल्याकडे असे समजतात की ज्यांनी गरिबी आणि रेशनच्या रांगा पाहिल्या त्यांनाच वस्तू टाकवत नाहीत. काटकसरीच्या सवयीबद्दल ते खरे असेलही, पण साठवणविकाराचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट आणि त्यांचे सहकारी यांना लहानपणच्या वस्तूंच्या टंचाईशी या विकाराचा संबंध आढळला नाही. जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा एखादा मोठा आघात यांच्याशी संबंध अधिक दिसतो. सुरुवात पुष्कळदा अकरा ते पंधरा या वयात होते, पण ती कोणाच्या लक्षात येत नाही. दर दशकागणिक विकार वाढत जातो आणि म्हातारपणी तो घराला दिसतो.

आता आपल्या सहा खुणा लावून पाहू. साठवणाऱ्या माणसाला वस्तू साठवताना नशेसारखी धुंदी येते काय? बहुतेकांच्या बाबतीत नाही. त्याची अडचण घेण्यात असते त्याहून अधिक सोडण्यात असते. २०१२ साली अमेरिकेत डेव्हिड टोलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांना घरून जुनी पत्रे आणि कागद आणायला सांगितले. मेंदूचे चित्रण चालू असताना प्रत्येक कागद ठेवायचा की फाडायचा हे त्यांना ठरवायचे होते, आणि फाडायचा म्हटलेला कागद खरोखर यंत्रात घातला जात होता. साठवणविकार असलेल्यांनी आपले कागद इतरांपेक्षा कमी फाडू दिले. दुसऱ्याच्या कागदाबद्दल ठरवताना त्यांच्या मेंदूचे काही भाग नेहमीपेक्षा शांत होते, पण स्वतःच्या कागदाची वेळ आली की तेच भाग फार जोराने पेटून उठत. निर्णय घेणे आणि 'काहीतरी चुकते आहे' असे वाटणे यांच्याशी त्या भागांचा संबंध आहे. म्हणजे आजोबा रद्दी देत नाहीत ते हट्टामुळे नव्हे. 'ही द्यावी काय' हा साधा प्रश्न त्यांच्या मेंदूला परीक्षेतील शेवटच्या पाच मिनिटांसारखा वाटतो.

म्हणून शास्त्रज्ञांनी या विकाराला व्यसनांत न घालता मंत्रचळाच्या, ज्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात त्याच्या, कुळात पण वेगळ्या घरात ठेवले आहे. डीएसएम आणि आयसीडी या दोन्ही ग्रंथांचे यावर एकमत आहे.

खरेदी : मेळ्यापासून मोबाईलपर्यंत

ग्वाल्हेरकरांना खरेदीचा आनंद कोणी शिकवायला नको. १९०५ साली माधवराव महाराजांनी सुरू केलेला ग्वाल्हेरचा व्यापार मेळा आपल्या कित्येक पिढ्यांनी पाहिला आहे. नया बाज़ार आणि बाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत सणासुदीला पाय ठेवायला जागा नसते. धनत्रयोदशीला भांडे घ्यावे, पाडव्याला काही नवे घ्यावे, ही आपली रीतच आहे. अशी खरेदी, थोडी जास्त झाली तरी, आजार नव्हे.

आजार कोठे सुरू होतो? जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच अनिवार खरेदीचे वर्णन करून तिला ग्रीक शब्दावरून 'ओनिओमॅनिया' असे नाव दिले होते. म्हणजे मोबाईल, मॉल आणि क्रेडिट कार्ड यांच्या कितीतरी आधीपासून डॉक्टरांना ही गोष्ट ठाऊक आहे. तिचे एक ठरलेले चक्र असते. मन उदास, एकटे किंवा अस्वस्थ असते. काहीतरी घ्यावे अशी ओढ लागते. वस्तू शोधताना, निवडताना, पैसे भरताना एक तरतरी येते. पार्सल घरी येईपर्यंत ती ओसरते. मग पश्चात्ताप, लपवालपवी, उसनवारी, आणि त्या अपराधी भावनेवर उतारा म्हणून पुन्हा नवी खरेदी. पुष्कळ वेळा वस्तूची पेटी उघडलीही जात नाही, कारण हवी होती ती वस्तू नव्हे, घेण्याचा तो क्षण हवा होता.

आपल्या सहा खुणा येथे लावल्या तर पाच सहज जुळतात. तलफ आहे, ताबा सुटला आहे, खर्चाची मात्रा वाढते आहे, बाकीचे आयुष्य मागे पडते आहे आणि नुकसान दिसूनही थांबता येत नाही. खरेदी बंद केल्यावर होणाऱ्या तडफडीबद्दल मात्र पुरावा अजून कमी आहे.

मेंदूच्या बाजूनेही एक लक्षणीय पुरावा आहे. कंपवात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारावर दिली जाणारी काही औषधे मेंदूतील डोपामिनचे काम करतात. २०१० साली अमेरिका आणि कॅनडातील ३०९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ही औषधे घेणाऱ्यांमध्ये जुगार, अनिवार खरेदी असे प्रकार न घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. एकंदर रुग्णांपैकी अनिवार खरेदी सुमारे ५.७ टक्क्यांत दिसली. ज्या घरात असे ज्येष्ठ रुग्ण आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे. एरवी काटकसरी असलेले काका अचानक उधळू लागले तर त्यांना बोलण्याआधी डॉक्टरांना सांगावे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. उन्मादाच्या आजारातही माणूस काही दिवस झोपेशिवाय राहून प्रचंड खर्च करतो. तेथे मूळ आजारावरच उपचार करावे लागतात.

'हा बायकांचा नाद' असे पुरुषमंडळी हसून म्हणतात. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ६ टक्के आणि पुरुषांमध्ये ५.५ टक्के निघाले. फरक जवळजवळ नाहीच. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये काढलेला अंदाज प्रौढांत शंभरात सुमारे पाच असा आहे. साठवणविकाराचा २०१९ मधील अंदाज शंभरात सुमारे अडीच. हे अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य देशांतील असल्यामुळे आकडे जसेच्या तसे आपल्या गावाला लावू नयेत, पण ही माणसे अगदीच विरळ नाहीत एवढे त्यांवरून समजते.

मग शास्त्राने खरेदीला व्यसन म्हटले आहे काय? अजून नाही. २०१३ मध्ये डीएसएमच्या कर्त्यांनी पुरावा अपुरा म्हणून तिला वगळले. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत ती 'आवेगावर ताबा नसण्याच्या इतर विकारांचे' एक उदाहरण म्हणून नोंदली आहे. २०२१ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून तिच्या निदानाचे निकष सुचवले. लक्षात येते ना? १९८० साली जुगार ज्या प्रकरणात होता, त्याच प्रकरणात आज खरेदी उभी आहे.

मग उत्तर काय?

आमच्या अभ्यासाप्रमाणे उत्तर असे आहे. साठवणविकार आजार आहे, पण व्यसन नाही. अनिवार खरेदी व्यसनाच्या फार जवळ आहे, आणि शास्त्राचा शिक्का अजून बसलेला नसला तरी घरच्यांनी ती तितक्याच गांभीर्याने घ्यावी. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. साठवणविकार असलेल्यांपैकी ८० ते ९० टक्के लोक गरज नसताना वस्तू आणतही असतात, मग ती विकत घेतलेली असो की फुकट मिळालेली. ही दोन नदीची पात्रे काही अंतर एकत्र वाहतात, पण त्यांचा उगम वेगळा आहे.

नाव चुकले तर काय होते?

व्यसनाचा पहिला उपचार म्हणजे पदार्थ दूर करणे. दारुड्याच्या घरातील बाटल्या फेकून दिल्या तर कोणी चूक म्हणणार नाही. साठवणीलाही व्यसन मानले की घरचे तोच न्याय लावतात. आजोबा चार दिवस लेकीकडे गेले की ट्रॉली बोलावून खोली रिकामी करतात. हेतू चांगला असतो, परिणाम वाईट होतो. मूळ अडचण निर्णयाची आणि वियोगाची असते. ती तशीच राहते आणि काही महिन्यांत खोली पुन्हा भरते. शिवाय घरच्यांवरचा विश्वास जातो तो वेगळाच. ज्या माणसाला आधीच वस्तू माणसांपेक्षा भरवशाच्या वाटत होत्या, त्याची ती समजूत पक्की होते.

खरेदीच्या बाबतीत उलट चूक होते. तिला नुसता 'सोस' किंवा 'उधळेपणा' समजून घरचे आधी रागावतात, मग दया येऊन कर्ज फेडतात. कर्ज फिटते आणि चक्र नव्याने सुरू होते. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली सुरू केले. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणसाला माया द्यावी पण त्याच्या व्यसनाचा भार घरच्यांनी उचलू नये, आणि घरच्यांनाही आधार लागतो, हा विचार त्या कामातून मराठी घरांत पोहोचला. तो येथे नेमका उपयोगी पडतो.

एक फरक मात्र आहे. दारू कायमची सोडता येते, खरेदी सोडता येत नाही. उद्या भाजी आणावीच लागेल. म्हणून येथे ध्येय खरेदी बंद करण्याचे नसून तिच्यावर पुन्हा ताबा मिळवण्याचे असते.

आणखी एक गोष्ट. आपल्या किल्ल्याच्या कातळात पंधराव्या शतकात कोरलेल्या तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अपरिग्रह हे जैन धर्मातील मोठे व्रत आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतही ते यमांमध्ये आहे. अपरिग्रहाचे संस्कार मुलांवर अवश्य करावेत. पण व्रत हे मोकळ्या मनाने निवडायचे असते. ज्याची निवडीची शक्तीच आजाराने अडवली आहे, त्याला उपदेश करणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालण्याचे फायदे सांगणे होय.

पालकांनी काय करावे?

साठवणीच्या बाबतीत :

१. त्या माणसाला न विचारता, त्याच्या पाठीमागे काहीही टाकू नये. अपवाद फक्त तातडीच्या धोक्याचा. गॅसजवळचे कागद, जिन्यावरील अडथळे, उघड्या तारांवरील कपडे हे मात्र त्याला सांगून लगेच हलवावे.

२. सगळी खोली एकदम हाती घेऊ नये. आज पलंग, पुढच्या आठवड्यात खिडकी. उचलून ठेवण्याचा किंवा देण्याचा निर्णय त्याचाच असावा, आपण फक्त सोबत बसावे.

३. 'कचरा' हा शब्द टाळावा. वस्तूची आठवण विचारावी. पुष्कळदा आठवण सांगून झाल्यावर वस्तू सोडणे थोडे सोपे होते.

४. या विकारासाठी खास बेतलेले समुपदेशन असते. त्यात निर्णय घेण्याचा आणि वियोग सोसण्याचा सराव करून घेतात. सुधारणा हळूहळू होते, पण होते.

खरेदीच्या बाबतीत :

१. मोबाईलवरील कार्डाची साठवलेली माहिती काढून टाकावी. पैसे भरणे जितके सोपे, तितकी तलफ बलवान.

२. 'एक रात्र' हा नियम ठेवावा. वस्तू यादीत लिहावी आणि दुसऱ्या दिवशी ठरवावे. तलफ लाटेसारखी असते, वाट पाहिली की ओसरते.

३. प्रत्येक खरेदीपुढे त्या वेळची मनःस्थिती लिहावी. महिन्याभरात स्वतःलाच नमुना दिसतो.

४. कर्ज फेडण्यास मदत करायचीच असेल तर उपचार आणि हिशेबाची वही या अटींवर करावी.

विद्यार्थ्यांसाठी : 'केवळ दोनच शिल्लक', 'आणखी दहा मिनिटे' असे शब्द पडद्यावर दिसले की सावध व्हावे. ग्राहकाला फसवून घाई करायला लावणाऱ्या अशा १३ युक्त्यांची यादी करून भारत सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. दोष सगळा ग्राहकाच्या मनाचा नसतो, बाजारही त्या मनाचा अभ्यास करून बसलेला असतो.

मदत कोठे मिळेल? १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे दूरध्वनीवर विनामूल्य बोलता येते. आपल्या गावात मानसिक आरोग्यशाळा आहे, तसेच गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मनोविकारतज्ज्ञांना भेटता येते. आरोग्यशाळेचे नाव चेष्टेत घेण्याची सवय आपण मोठ्यांनी आधी सोडली पाहिजे. मुले ती चेष्टा ऐकतात आणि पुढे स्वतःला गरज पडली तरी तोंड उघडत नाहीत.

स्वाध्याय

१. व्यसनाच्या सहा खुणा स्वतःच्या शब्दांत लिहा. मोबाईलवरील खेळाला त्या लावून पाहा.

२. केळकरांचा संग्रह आणि कॉलियर बंधूंचा पसारा यांतील चार फरक लिहा.

३. 'खरेदी आज तेथेच उभी आहे जेथे १९८० साली जुगार होता.' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा. तुमच्या मते पुढील आवृत्तीत काय व्हावे? कारणे द्या.

४. घरातील आजी-आजोबांना त्यांनी जपून ठेवलेल्या एका वस्तूची गोष्ट विचारा आणि दहा ओळींत लिहा. वस्तू टाकायला सांगू नका, फक्त ऐका.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे आम्ही स्वतः वाचणार आहोत. निवडक उत्तरे, घरच्यांची परवानगी असेल तर, पुढील अंकात छापू.